पान २० रुपयांना, मूळ हजाराला

गेल्या जुलैतल्या एका शनिवारी सकाळी दादर पश्चिमेला, फूलबाजाराच्या अलीकडे, मी फोडशीच्या दोन जुड्या घेतल्या. ४० रुपये. माझ्या आधी एक काका उभे होते. त्यांना तीन जुड्या ५० ला हव्या होत्या. मावशी म्हणाली, "डोंगर चढून खुडलीय दादा, पावसात." काका म्हणाले, "अगं, गवत आहे हे. फुकट उगवतं." पाच मिनिटं घासाघीस झाली आणि काका जिंकले. मावशी डहाणूच्या बाजूची. पहाटेच्या गाडीने येते, आणि पालिकेची गाडी आली की बोचकं पाठीवर टाकून पुलाखाली पळते.

लालबागला घरी पोचेपर्यंत माझा फोन दोनदा वाजला. एकदा बँक. दुसऱ्यांदा जाहिरात: सफेद मुसळी, ६० कॅप्सूल, ९९९ रुपये, ऑफर फक्त आज रात्रीपर्यंत. फोटोत उघड्या छातीचा एक माणूस आणि त्याच्यामागे धावणारा घोडा.

आता ऐका. माझ्या पिशवीतली फोडशी आणि फोनवरची मुसळी एकाच कुळातल्या, कित्येकदा अगदी एकच वनस्पती. फोडशी म्हणजे तिचं पान, मुसळी म्हणजे तिचं मूळ. पान खुडलं तर मूळ जमिनीत राहतं आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतं. मूळ उपटलं की त्या जागी पुढच्या वर्षी काही नाही. जे दरवर्षी परत येतं त्याला आपण गवत म्हणतो आणि दहा रुपयांसाठी भांडतो. जे उपटून, सोलून, वाळवून, डबीत भरून येतं त्याला आपण 'आयुर्वेदाची देणगी' म्हणतो आणि ओटीपी टाकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मुसळीच्या नावाने परंपरा म्हणून जे विकलं जातंय, त्याचा परंपरेशी संबंध फार थोडा आहे. तो एक धंदा आहे. त्याच्या एका टोकाला माझ्या बाबांसारखी माणसं बुडाली. दुसऱ्या टोकाला आपल्या वयाची पोरं लाजेपोटी पैसे भरतायत. आणि जी खरी परंपरा आहे ती दादरच्या फुटपाथवर पालिकेच्या गाडीला घाबरून बसलीय.

आधी झाडाची ओळख करून घेऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. पुन्हा एकदा वाचा. बोरिव्हिलियानम, म्हणजे बोरिवलीचं. हो, आपलीच बोरिवली. १९५५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी ही जात नवी म्हणून नोंदवली. सांतापाव मूळचे स्पेनचे, जेझुइट पाद्री, धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे. तिथल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, जे १९०६ पासून आहे, वाळवलेल्या वनस्पतींचे हजारो नमुने कागदावर चिकटवून ठेवलेत. गिरगावातून चालत जाता येईल इतकं जवळ. ज्या रोपाच्या नावाने अख्ख्या देशात डब्या विकल्या जातात, त्याचं बारसं आपल्या शहरात झालं, हे मला सत्ताविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का?

बारसं झालं म्हणजे जन्म झाला असं नाही. बोरिवलीच्या जंगलात, जिथे आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथल्या पाड्यांवरच्या वारली बायकांना ही वनस्पती कागदावर येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होती. पहिल्या पावसानंतर आठवडाभरात जमिनीतून लांब, अरुंद, मधे पन्हळ असलेली पानं झुबक्याने वर येतात. सागाच्या, बांबूच्या विरळ सावलीत. मग मधून एक दांडा निघतो आणि त्याला सहा पाकळ्यांची पांढरी चांदणीसारखी फुलं येतात. ऑक्टोबर येईपर्यंत पानं पिवळी पडून वाळतात. वर काही दिसत नाही, खाली मात्र बोटांसारख्या मुळ्यांचा घोस पुढच्या जूनची वाट बघत पडून राहतो.

या चारेक महिन्यांपैकी कोवळ्या पानाचे दिवस अगदी थोडे. तेवढ्यात ती भाजी होते. कुठे फोडशी, कुठे कुलू. पांढरा दांडा आणि जून भाग काढायचा, माती जाईपर्यंत धुवायचं, बारीक चिरायचं. कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, वरून ओलं खोबरं. आमच्याकडे कधी बेसन पेरतात. बस. या भाजीला चव आहे, हंगाम आहे, आणि ती कुणाला 'पुरुष' बनवण्याचं वचन देत नाही.

मूळ औषधात वापरत नव्हते असं मी म्हणत नाही. वापरायचे. अशक्तपणात, बाळंतिणीला दूध यावं म्हणून, आणि हो, पुरुषांच्या ताकदीसाठीही. पण माझी संगमेश्वरकडची आजी त्याचे नियम सांगायची. पान वाळल्याशिवाय मूळ काढायचं नाही. काढलंच तर दोन बोटं घ्यायची आणि शेंडा परत मातीत दाबायचा. हे आजीने कुठे वाचलं नव्हतं, तिला वाचता येत नव्हतं. पण बघा, पान वाळेपर्यंत थांबलं की बी पडून गेलेलं असतं. आणि या वनस्पतीचं बी फार कमी उगवतं, नवं रोप मुख्यतः शेंड्याचा तुकडा असलेल्या मुळापासूनच होतं. आजीचा नियम म्हणजे लागवडीचं शास्त्रच होतं. डबीवर यातलं काहीच छापलेलं नसतं.

डबीवर काय असतं? 'हजारो वर्षांची परंपरा'. कोणाची? भावप्रकाशात मुसली आहे, पण ती तालमूली, म्हणजे काळी मुसळी, असं अभ्यासक बहुधा मानतात. काळी मुसळी वेगळी वनस्पती, वेगळं कूळ, तिला पिवळी फुलं येतात. उत्तरेकडे सफेद मुसळी म्हणून शतावरीच्या भावकीतलं एक मूळ विकतात. क्लोरोफायटमच्याही तीन-चार जाती एकाच पोत्यात जातात. आणि फोडशीच्या जुडीतही दोन-तीन बहिणी असतात, हे मान्य. पण भाजीत त्याने फार बिघडत नाही. औषध म्हणून रोज दोन कॅप्सूल गिळताना आत नक्की काय आहे हे ठाऊक नसणं ही साधी गोष्ट नाही.

परिणामाचं म्हणाल, तर मुसळीच्या ताकदीवरचे बहुतेक प्रयोग उंदरांवर झालेत. माणसांवरचे थोडे आणि छोटे. तेवढ्यावर घोडा धावत नाही.

आता बाबांची गोष्ट.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा बावीस वर्षांचे होते. संपानंतर ज्यांना परत कामावर घेतलं त्यांत ते होते. पुढे २००२ मध्ये त्यांची गिरणी कायमची बंद झाली आणि हातात नुकसानभरपाईची एक रक्कम आली. तेव्हा आमच्या चाळीत प्रत्येक घरात एकच चर्चा होती: पैशांचं काय करायचं. कुणी रिक्षा घेतली, कुणी पोरीचं लग्न केलं, कुणी चिटफंडात घातले. बाबांना कुणीतरी परळच्या एका हॉलमध्ये 'औषधी शेती परिसंवादा'ला नेलं. चहा, बटाटेवडा, प्रोजेक्टर. पडद्यावर हिरवे वाफे, खाली एकरी लाखांचे आकडे. वर आश्वासन: माल आम्हीच उचलू, करार लेखी. अट एकच, बेणं आमच्याकडूनच घ्यायचं.

हे हवेतलं नव्हतं, हे लक्षात घ्या. केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केलं होतं. त्याने लागवडीसाठी प्राधान्य दिलेल्या ३२ वनस्पतींत सफेद मुसळी होती. पेपरांत यशोगाथा येत होत्या. गिरणीतून बाहेर पडलेल्या, शेती लहानपणी सोडलेल्या माणसाला यात फसवणूक शोधायला सांगणं सोपं आहे. मी सहा वर्षांचा होतो, मला फक्त बाबा खूश आठवतात.

अर्ध्या एकरासाठी अडीच क्विंटल बेणं आलं. २००३ चा मे महिना. गावच्या अंगणात गोणी उघडली तेव्हा आजीने एक मूळ उचललं, नखाने खरवडलं, वास घेतला आणि म्हणाली, "अरे, ही तर फोडशी. वरच्या डोंगरावर आहे की. पैसे दिलेस?"

बाबांनी किती दिले ते तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग कोकणचा पाऊस आला. मुसळीला निचऱ्याची, भुसभुशीत, वाळूमिश्रित जमीन लागते. गादीवाफा उंच हवा, पाणी साचलं की मुळं कुजतात. डोंगरउतारावर ती सुखाने राहते कारण तिथे पाणी थांबत नाही. आमच्या भाताच्या खाचरात ते थांबण्यासाठीच बांध घातलेले. निम्मं कुजलं. उरलेलं हिवाळ्यात काढलं, आजी, आई आणि शेजारच्या चार बायकांनी बसून एकेक बोट सोललं, वाळवलं. वाळल्यावर वजन चार-पाच पटींनी घटतं, हेही हॉलमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. जे हातात आलं ते घेऊन बाबा मुंबईला आले आणि कराराच्या कागदावरच्या पत्त्यावर गेले. तिथे दुसऱ्याच धंद्याची पाटी होती. फोन लागत नव्हता. बाजारात विचारलं तर व्यापारी म्हणाला, सध्या सगळ्यांकडेच मुसळी आहे.

ती गोणी आमच्या खोलीच्या माळ्यावर कित्येक वर्षं होती. ताईच्या बाळंतपणात आईने त्यातली मूठभर दळून डिंकाच्या लाडवांत घातली. तेवढाच तिचा उपयोग झाला. बाकीला किडे लागले.

हे फक्त आमचं झालं नाही. त्या काळात अनेक राज्यांत हेच नाटक झालं आणि भाव कोसळले. का कोसळले हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही, गुणाकार लागतो. समजा एका एकरातून पाच एकरांचं बेणं निघतं. आणि समजा प्रत्येक शेतकरी माल औषधवाल्याला न विकता बेणं म्हणून पुढच्या शेतकऱ्याला विकतो, कारण बेण्याचा भाव जास्त. पहिल्या वर्षी एक एकर, मग पाच, मग पंचवीस. पाच वर्षांत ३,१२५ एकर. दहा वर्षांत ९७ लाखांहून जास्त. तेवढी मुसळी खाणार कोण? आम्ही प्रोग्रामिंगच्या पहिल्या सेमिस्टरला शिकतो की रिकर्शनला बेस केस नसेल तर प्रोग्राम कोसळतो. इथे बेस केस होती खरा गिऱ्हाईक, आणि त्याचा हिशेब कुणीच केला नव्हता. जोवर पुढचा शेतकरी मिळत होता तोवर मुसळी हे 'पिवळं सोनं, पांढरं सोनं' सगळं होतं. माझे बाबा म्हणजे तो शेवटचा फंक्शन कॉल.

ज्यांना स्वतःची जमीन, पाणी आणि व्यापारी ओळखीचे होते, ते टिकले. अकोट, अंजनगाव सुर्जीकडे आजही मुसळी लावणारे शेतकरी आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी ती पीक म्हणून लावली. आम्हाला ती लॉटरी म्हणून विकली गेली.

आता माझी गोष्ट, जी सांगायला मला जास्त जड जातं.

इंजिनीअरिंगनंतर मी तीन वर्षं आरोग्याच्या वस्तू विकणाऱ्या एका ॲपमध्ये काम केलं. 'तुम्हाला हेही आवडेल' अशी जी यादी खाली सरकते, तिचा क्रम ठरवणारा कोड आमची टीम लिहायची. क्रमात नफ्याला वजन होतं. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणत्या वेळी नोटिफिकेशन गेलं की तो दाबतो हे आम्ही मोजायचो. एका वस्तूगटाची वेळ रात्री अकरानंतरची निघाली. एकटी असण्याची वेळ. मी ती वेळ कोडमध्ये टाकली, टेस्ट पास झाल्या, चहा प्यायलो. पडद्यावर वस्तूंची नावं नसतात, नुसते आकडे असतात. पुढे कधीतरी एका आकड्याचा तपशील उघडला आणि समोर आलं: सफेद मुसळी, ६० कॅप्सूल.

मी राजीनामा वगैरे दिला नाही. आठ महिन्यांनी जास्त पगार मिळाला म्हणून नोकरी बदलली. पण एक गोष्ट लक्षात राहिली. शूज परत यायचे, प्रोटीन पावडर परत यायची, ही डबी परत यायची नाही. 'गुपचूप पॅकिंग' लिहिलेल्या खोक्यातून मागवलेली वस्तू चालली नाही म्हणून कोण तक्रार करणार? लाज हाच या धंद्याचा विमा आहे. बाबांच्या वेळी हॉल होता, आता खिशातला फोन आहे. तेव्हा आशा विकली, आता न्यूनगंड. मूळ तेच.

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याच्या किंवा वाढवण्याच्या दाव्याने औषधाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे. मुसळीचं बारसं व्हायच्या एक वर्ष आधीचा कायदा. म्हणून जाहिरातीत तो शब्द नसतो. 'स्टॅमिना' असतो, 'जोश' असतो, 'आत्मविश्वास' असतो, आणि घोडा असतो. लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'गुप्तरोग' वाली चिठ्ठी निदान प्रामाणिक होती.

आणि मित्रांनो, हे विनोदाने सोडून द्यायचं नाही. ताठरतेची अडचण ही कधी कधी मधुमेहाची, रक्तदाबाची, हृदयविकाराची पहिली खूण असते. कधी ती झोपेची, ताणाची, नैराश्याची गोष्ट असते. डॉक्टरकडे जायला लाजून तुम्ही सहा महिने कॅप्सूल खाता, तेव्हा वाया जातात ते सहा महिने. शिवाय 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत न सांगता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या एफडीएने वर्षानुवर्षे दिलेत. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही भेसळ जीवावर बेतू शकते.

इथे मला ठरलेला प्रश्न येतो. ऑफिसात आलाय, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलाय. "म्हणजे तू आयुर्वेदाच्या विरोधात?"

नाही. परळला राहणाऱ्या माणसाने आयुर्वेदाच्या विरोधात असायचं कारणच नाही, कारण केईएम समोर आहे. तिथे डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षे काम केलं. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णांत नेहमीच्या उपचारासोबत गुळवेल देऊन बघितली, दुसऱ्या गटाशी तुलना केली, १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. वनस्पतीचा आदर करायची ही पद्धत. तिला प्रश्न विचारायचे आणि उत्तर लिहून ठेवायचं.

आणि त्याच गुळवेलीचं पुढे काय झालं तेही बघा. कोविडमध्ये लोकांनी ती मनानेच, महिनोन्‌महिने घेतली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: ती गुळवेलच होती हे तपासलं का? आक्षेप रास्त आहे. पण मग हाच प्रश्न विकणाऱ्या प्रत्येकाला विचारा ना. या डबीत कोणती मुसळी आहे, बोरिवलीची की दुसरी, कुठून आली, कुणी ओळखली? इजा झाल्यावर वनस्पतीशास्त्र आठवायचं आणि विकताना घोडा दाखवायचा, असं चालणार नाही.

आता सगळ्यात जास्त चिडवणारा भाग. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यामागचं एक तत्त्व असं की जंगलातल्या वनस्पतीवर आणि तिच्या ज्ञानावर धंदा करणाऱ्याने ते ज्ञान जपणाऱ्यांना नफ्यातला वाटा द्यावा. २०२३ ची दुरुस्ती म्हणते की ज्ञान 'कोडिफाइड', म्हणजे ग्रंथांत संहिताबद्ध असेल, तर या बंधनांतून सूट. लागवड केलेल्या औषधी वनस्पतींनाही सूट. माझ्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्याला हा शब्द फार टोचतो. लिहिलेलं ज्ञान आता सगळ्यांसाठी मोकळं. आणि न लिहिलेलं? पान वाळल्याशिवाय मूळ काढायचं नाही, शेंडा परत दाबायचा, या उतारावरची घ्यायची, त्या उतारावरची सोडायची? हे सगळं दादरच्या मावशीच्या डोक्यात आहे. ते कोडिफाइड नाही, म्हणून त्याचा वाटा मागण्याइतका आवाज त्याला नाही. डबीवाला ग्रंथाकडे बोट दाखवून सुटतो. मावशीला पालिकेची गाडी धरते. २०१४ पासून पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे, पण पावसाळ्याचे काही आठवडे पाटी घेऊन येणारी बाई कुठल्या यादीत, कुठल्या परवान्यात बसणार?

"पानं खुडूनही रोप कमजोर होतं," असा आक्षेप एका मैत्रिणीने घेतला. बरोबर आहे. एकाच उतारावरून सगळी पानं ओरबाडली तर फूल नाही, बी नाही, मूळही बारीक राहतं. म्हणून शहराने अचानक 'सुपरफूड' म्हणून फोडशीवर झडप घालावी असं मला अजिबात वाटत नाही. कृपा करून तिची रील करू नका. पण पान खुडणं आणि मूळ खणणं यांतला फरक उचल आणि मोड यांच्यातला आहे. उचल भरून निघते.

मग करायचं काय? माझ्यापुरतं मी ठरवलंय ते सांगतो.

मुसळीची डबी घ्यायची नाही. शरीराची अडचण असेल तर डॉक्टर, आणि आयुर्वेदच हवा असेल तर नाडी बघणारा, नाव सांगणारा, औषध लिहून देणारा शिकलेला वैद्य. ॲप म्हणजे वैद्य नव्हे. हे मी ॲपच्या आतून सांगतोय.

फोडशी घ्यायची, हंगामात दोन-तीनदा, आणि मावशी सांगेल त्या भावाला. कॉफीला २८० रुपये देताना आपण घासाघीस करत नाही.

आणि लावून बघायची. हे चाळीच्या गॅलरीतही जमतं. मेअखेरीस शेंड्यासकट दोन-तीन मुळं मिळवा, जंगलातून उपटून नव्हे, लागवड करणाऱ्याकडून. खाली मोठी भोकं असलेली कुंडी, माती, वाळू आणि शेणखत सारखं. शेंडा वर ठेवून दोनेक इंच खोल. पाणी साचू द्यायचं नाही, आमच्या खाचराची चूक करू नका. अर्धवट सावली चालते. पान येईल, नशीब असेल तर पांढरं फूल येईल. ऑक्टोबरमध्ये सगळं वाळेल आणि आई म्हणेल, मेलं, फेकून दे. फेकू नका. कुंडी कोपऱ्यात कोरडी ठेवा आणि जूनची वाट बघा. काहीच दिसत नसताना आठ महिने कुंडी सांभाळणं हे मला कुठल्याही 'वेलनेस'पेक्षा जास्त शिकवून गेलं.

त्या शनिवारी मी जुड्या घरी आणल्या. आईने निवडल्या, मूगडाळ घालून केल्या. बाबा २००३ नंतर फोडशी खात नाहीत. आम्ही विचारतही नाही, त्यांच्यासाठी वेगळी भाजी असते. त्या दिवशी त्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कितीला घेतलीस?"

"वीसला जुडी. दोन घेतल्या."

ते थोडा वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "कमी दिलेस." आणि चमचाभर भाजी वाढून घेतली.